जोर काढ, आणि खेळायला बस

ताई,

आम्ही पाच जण शाळेपासूनचे दोस्त, सगळे मूळचे नाशिकचे. आता दोघं पुण्यात, एक बंगळुरूला, पण शनिवारी रात्री साडेदहाला डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमायचं आणि ऑनलाइन गेम खेळायचा, हा नेम सहा वर्षं मोडला नव्हता. मी टँक, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणारा. आमच्यातला एक कायम हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा. मागच्या महिन्यात ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ या फँटसी गेमवरून व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. त्यात टाश नावाचं नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला ना बाई ना पुरुष मानणारं, पात्र आहे. इझाबेला नावाचं दुसरं पात्र आहे, ती टाशबद्दल बोलताना चुकीचं सर्वनाम वापरते आणि चूक लक्षात येताच खाली वाकून जोर काढायला लागते, ती क्लिप मी टाकली. खाली लिहिलं, ‘आता गेममध्येपण एचआरचं ट्रेनिंग.’ सगळे हसले. मग लिहिलं, ‘असल्यांना फँटसीत घुसवायची गरजच काय?’ त्यावरही हसले. हीलर काहीच बोलला नाही. रात्री दीड वाजता त्यानं ग्रुप सोडला. फोन केला तर उचलतो, नीट बोलतो, पण शनिवारचं नाव काढलं की ‘काम आहे’. एक मित्र म्हणतो, तो स्वतःच ‘तसा’ असणार.

माझे तीन प्रश्न आहेत. टाशचं पात्र वाईट लिहिलंय असं म्हणणं गुन्हा आहे का? हीलर ट्रान्स आहे का, हे ओळखायचं कसं? आणि त्याला परत कसं आणायचं?

— टँक, नाशिक

प्रिय टँक,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो आधी थांबवायला हवा. ओळखायचं नाही. तुझं पत्र छापताना मी त्यातली दीड पानं गाळली आहेत. हीलरचे जुने मेसेज तू उतरवून पाठवलेस आणि कुठल्या वाक्यात त्यानं ‘आलो’ लिहिलंय, कुठे नुसतं ‘निघायचंय’ लिहून सोडलंय, यावरून तू आणि तुझा तो मित्र मिळून निष्कर्ष काढत होतात. त्या मेसेजांतला एकही शब्द मी कुठे जाऊ देणार नाही. तूही तो शोध आजच्या आज बंद कर आणि त्या मित्रालाही बंद करायला सांग.

का म्हणते ते सांगते. मी डबिंगच्या संहिता लिहून पोट भरते. इंग्रजी संहितेत पात्र म्हणतं, ‘मी इथे आहे, मी परत येईन, मला भूक लागली.’ तिथवर मराठीतही निभावतं. पण पुढचं वाक्य ‘मी निघते’ की ‘मी निघतो’ हे ठरवायला मला विचारावंच लागतं की बोलतंय कोण. आपल्या भाषेत माणूस ‘आलो’ किंवा ‘आले’ म्हटल्याशिवाय दारातून आतसुद्धा येऊ शकत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःबद्दल तासभर बोलून ही गोष्ट झाकून ठेवता येते. मराठी माणसाला ती दिवसातून दोनशे वेळा सांगावी लागते. ज्याचं अजून ठरलेलं नाही, किंवा ठरलंय पण सांगायची वेळ आलेली नाही, असं कुणी असलं तर ते वाक्य वळवून बोलतं. ‘जेवण झालं.’ ‘पोचणं होईल नऊपर्यंत.’ आता गंमत अशी की अर्धा महाराष्ट्र नुसत्या कंटाळ्यानंही असंच लिहितो. तेव्हा त्या मेसेजांवरून काहीही सिद्ध होत नाही. आणि समजा त्यानं खरंच ती एवढीशी फट राखून ठेवली असेल, तर ती त्याची आहे. आपण तिच्यातून डोकावायचं नाही. तू पत्रात त्याला ‘तो’ म्हटलंयस म्हणून मीही तेच म्हणते आहे. त्यानं उद्या वेगळं सांगितलं, तर उद्यापासून बदलू.

कदाचित त्याची बहीण ट्रान्स असेल. कदाचित ऑफिसातलं जवळचं माणूस असेल. कदाचित कुणीच नसेल आणि पाच जणांपैकी चौघं एका वाक्यावर हसले, हे त्याला नुसतं लागलं असेल. यातलं काहीही खरं असलं तरी तुला जे करायचंय त्यात काडीचा फरक पडत नाही.

आता पहिला प्रश्न. टाशचं पात्र वाईट लिहिलंय असं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, आणि मी स्वतःही त्याबद्दल बरीच तक्रार करणार आहे. पण तुझे दोन मेसेज पुन्हा वाच. पहिला लिखाणाबद्दल आहे. बोचरा आहे, पण लिखाणाबद्दल आहे. दुसऱ्यात लिखाण कुठेच नाही. ‘असल्यांना’ हा शब्द माणसांबद्दल आहे. मध्ये एक एंटर मारलास आणि विषय बदलला. ग्रुपवरचे हसत होते म्हणून तो बदल कुणाच्या ध्यानात आला नाही. ज्याच्या आला, तो उठून गेला.

हे पक्कं कळलं की टाशबद्दल मोकळेपणानं बोलू, कारण बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एक सांगून ठेवते: टाशसाठी मूळ गेममध्ये वापरलेलं ‘they’ हे इंग्रजी सर्वनाम मराठीत आणायची सोपी वाट नाही. ‘ते आले’ म्हटलं की कुणी आदरणीय काका आले असं वाटतं, ‘ते आलं’ म्हटलं की लेकरू. म्हणून मी जमेल तिथे मराठीच्याच एका सवयीचा आधार घेते. ‘टाशनं ड्रॅगन मारला’ या वाक्यात क्रियापद ड्रॅगनच्या मागे जातं, मारणाऱ्याचं लिंग उघड होतच नाही. आपल्या भाषेत एवढी जागा आधीपासून आहे.

मी या मालिकेत आले ती 2014 च्या ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मुळे. भाचीनं सुट्टीत लावून दिला आणि परत जाताना कन्सोल माझ्याकडेच सोडून गेली. त्यात क्रेम आहे. तू व्हेलगार्डपासून सुरुवात केलीस असं पत्रावरून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. क्रेम पहिल्यांदा दिसतो तो दाराबाहेर ताटकळत उभा. निरोप घेऊन आलाय आणि कुणी दाद देत नाहीये. निरोप असा की आयर्न बुल नावाच्या कुनारी, म्हणजे शिंगं असलेल्या वंशातल्या, सरदाराची भाडोत्री टोळी तुमच्यासाठी लढायला तयार आहे, किनाऱ्यावर येऊन आमचं काम बघा. बस, एवढंच. तू किनाऱ्यावर जातोस, टोळी लढताना बघतोस, कामावर ठेवतोस. क्रेम हा टोळीतला दुय्यम, चोख काम करणारा, बुलला उलट उत्तरं देणारा. बरेच तास गेल्यावर, किल्ल्यातल्या गुत्त्यात बसलेले असताना, बोलता बोलता कळतं की क्रेम ट्रान्स पुरुष आहे. बुल लगेच सांगतो की आमच्या लोकांत यासाठी शब्द आहे, अकुन-अथलोक. जन्मानं एक, जगण्यानं दुसरं. आणि पुन्हा पेल्याकडे वळतो.

क्रेमचा बाप टेविंटर नावाच्या देशातला शिंपी. गुलामांकडून शिवून घेतलेल्या स्वस्त कपड्यांपुढे त्याचा धंदा बुडाला आणि त्यानं स्वतःलाच गुलामीत विकलं. क्रेम सैन्यात गेला, तिथे उघडकीला आला, पळाला. सरहद्दीवरच्या खानावळीत सैनिकांनी गाठला तेव्हा बुल मध्ये पडला. बुलचा जो डोळा गेलाय, तो तिथे गेलाय. पुढे 2015 च्या ‘ट्रेस्पासर’ या शेवटच्या भागात हाच क्रेम कापडाची पंख लावलेली खेळणी शिवताना भेटतो. शिंप्याच्या पोराचा हात अजून सुईवर बसलेला आहे! मला त्या खेळण्यांनी जे केलं ते कुठल्याही भाषणानं केलं नसतं.

आणि एक प्रसंग. त्याच गेममध्ये एका टेकडीवर क्रेमची टोळी उभी आहे, समोरून शत्रू चढतोय, खाली समुद्रात कुनारींचं जहाज आहे. टोळीला मागे बोलावलंस तर जहाज जातं आणि कुनारींची युती जाते. नाही बोलावलंस तर टोळी मरते. गेम निर्णय तुझ्यावर सोडतो. मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी प्यायला गेले होते. त्या क्षणी क्रेम ट्रान्स आहे हे माझ्या डोक्यात होतं का? नव्हतं. क्रेम मरू नये एवढंच होतं.

पण क्रेमला मी सगळे गुण देणार नाही. त्याची ओळख पुष्कळशी बुलच्या तोंडून होते, म्हणजे एका धिप्पाड, सगळ्यांना आवडणाऱ्या माणसाचा शिक्का बसल्यावर क्रेम आपल्याला चालतो. खेळाडूला त्याला उद्धट, खाजगी प्रश्न विचारायची सोय ठेवली आहे आणि तो शांतपणे उत्तरं देतो. आवाज जेनिफर हेल या नामवंत अभिनेत्रीचा, ती ट्रान्स नाही. यावर तेव्हाच टीका झाली होती आणि मला ती रास्त वाटते.

त्याच्या अगदी उलट उदाहरण 2016 चं. ‘बाल्डर्स गेट: सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’मध्ये मिझेना नावाची पुजारीण छावणीत भेटते. तू तिला विचारतोस, नाव वेगळं आहे, कुठलं? ती लगेच सांगते की जन्मल्यावर आईवडिलांना वाटलं मुलगा, पुढे कळलं की मी मुलगी, मग मी स्वतः नाव घडवलं. आणि तिचं काम संपलं. तिला हवंय काय, तिची भीती कशाची, ती या युद्धात का आली, काही नाही. ओळख न झालेल्या माणसाला एसटीत शेजारी बसल्या बसल्या कुणी आपली सगळी कहाणी सांगत नाही, आणि ट्रान्स माणसं तर नाहीच सांगत, कारण सांगण्याची किंमत त्यांना ठाऊक असते. ही लिखाणाची चूक होती. पुढे बनवणाऱ्या कंपनीनंही तिची कथा वाढवू असं सांगितलं. पण इंटरनेटवर जे झालं ते या चुकीच्या मापाचं नव्हतं. लोकांनी ठरवून गेमला खालचे गुण दिले आणि लेखिकेला धरून छळलं. मोजक्या ओळींचं पात्र! त्याच गेममध्ये त्याहून उथळ पात्रं डझनानं होती, त्यांच्यासाठी कुणी रात्र जागवली नाही. तुला टीका करायचीच असेल तर ही एक कसोटी स्वतःला लाव: इतक्याच वाईट लिहिलेल्या दुसऱ्या पात्रावर मी इतकाच चिडलो असतो का?

आता टाश. टाशचं पात्र लिहिलंय ट्रिक वीक्स यांनी, आणि क्रेम हेही वीक्स यांचंच लेखन. क्रेमच्या वेळी त्यांनी मसुदा ट्रान्स आणि जेंडरक्विअर, म्हणजे स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणाऱ्या, ओळखीच्यांना दाखवून, त्यांचं ऐकून बदलला होता. टाशच्या वेळेपर्यंत वीक्स स्वतः नॉन-बायनरी म्हणून उघडपणे जगत होते. म्हणजे व्हेलगार्डमध्ये हे बाहेरून ‘घुसवलेलं’ काही नाही, कुणीतरी आपल्या पोटातलं लिहिलंय. पोटातलं लिहिलं म्हणून चांगलंच उतरतं असं मात्र नाही.

तुमच्या ग्रुपवर, आणि सगळीकडेच, मोठा आक्षेप आहे तो शब्दाला. ड्रॅगन आणि जादूच्या जगात ‘नॉन-बायनरी’ हा आजचा शब्द कसा? मलाही तो खटकला, अजून खटकतो. ज्या जगानं अकुन-अथलोक हा स्वतःचा शब्द दहा वर्षांपूर्वी घडवला होता, तिथे हा नवा शब्द दुकानातल्या तयार कपड्यासारखा आला. पण मग मी जेवणाच्या टेबलावरचा तो प्रसंग पुन्हा खेळले. टाशची आई शाथान विदुषी आहे. टाशला जन्मतः आग ओकता येते, कुनारी राज्यात त्या लेकराचं शस्त्र झालं असतं, म्हणून ही बाई सगळं सोडून पळून आली. लेकरासाठी देश सोडलेली आई समोर बसलीय आणि लेकरू एक शब्द सांगतं जो तिला माहीत नाही. ती तो आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवू बघते. टाशचा राग उसळतो. टँक, हे आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत रोज घडतंय. मराठीत आपल्याकडे ‘तृतीयपंथी’ आहे, त्यामागे एका समाजाचं अख्खं आयुष्य आहे. ‘पारलिंगी’ आहे, तो सरकारी कागदावर शोभतो. नॉन-बायनरीला मराठी शब्द मला तरी अजून तोंडात बसणारा सापडलेला नाही. म्हणून सिडकोतल्या फ्लॅटमध्ये कुणी पोर आपल्या आईला हे सांगेल तेव्हा इंग्रजीतच सांगेल, आणि त्या आईच्या चेहऱ्यावर शाथानचेच भाव असतील. तो परका शब्द मला त्या जगात चुकीचा वाटतो, पण त्या दोघींतल्या—बघ, इथे माझीही चूक झाली, त्या मायलेकरांतल्या अवघडलेपणासाठी अगदी नेमका वाटतो. दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्यातलं एक निवडावंसं वाटत नाही.

खरी चूक पुढे आहे, आणि ती तुझ्या क्लिपमध्ये नव्हतीच. टाश रिवेन या देशात वाढलेलं, कुनारी आईचं लेकरू. दोन संस्कृतींच्या मध्ये उभं असणं हा त्या कथेचा कणा. आणि शेवटाकडे गेम काय करतो, तर खेळाडूला विचारतो: टाशनं कुनारी व्हावं की रिवेनी? दोन पर्याय. निवड तुझी, टाशची नव्हे. जे पात्र तासन् तास सांगतंय की मला दोनपैकी एका खणात कोंबू नका, त्याला शेवटी दोनपैकी एका खणात तू कोंबायचंस. लेखनातली इतकी मोठी गफलत समोर असताना सगळा इंटरनेट जोर काढण्यावर हसत बसला. तुला व्हेलगार्डवर टीका करायची असेल तर ही घे. ही टीका टाशच्या बाजूनं आहे आणि म्हणून तिला धार आहे.

‘हे सगळं आत्ता आत्ता सुरू झालं, आधी गेम्स साधे होते’ असं तुमच्यातला एक जण म्हणतो. नाही रे. 1988 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ची पुस्तिका काढून बघा, बर्डो नावाच्या पात्राबद्दल लिहिलंय की याला आपण मुलगी आहोत असं वाटतं. 1998 च्या मूळ ‘बाल्डर्स गेट’मध्ये कंबरपट्टा आहे, घातला की बाईचा पुरुष, पुरुषाची बाई, आणि शाप उतरवायच्या मंत्राशिवाय तो निघत नाही. म्हणजे विषय पहिल्यापासून होता. विनोद म्हणून होता, शाप म्हणून होता. तेव्हा कुणी म्हटलं नाही की फँटसीत याची गरज काय. ओरडा सुरू झाला तो विनोदाचा माणूस झाल्यावर.

माझ्या धंद्यामुळे मला सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं ते व्हिव्हियनचं प्रकरण. ‘पेपर मारिओ: द थाउजंड-इयर डोअर’, 2004. मूळ जपानी संहितेत व्हिव्हियनच्या बहिणी तिला तू मुलगा आहेस म्हणून हिणवतात. इंग्रजी करताना ते सगळं पुसलं, हिणवणं ठेवलं पण कारण बदललं. वीस वर्षं इंग्रजीत खेळणाऱ्यांना कळलंच नाही की तिला नेमकं काय सोसावं लागत होतं. 2024 मध्ये गेम नव्यानं आला तेव्हा इंग्रजीत व्हिव्हियन स्वतः सांगते की मी त्यांचा भाऊ नसून बहीण आहे हे कळायला मला वेळ लागला. एक वाक्य. भाषांतर करणाऱ्याच्या हातात काय असतं, हे मला त्या वाक्यावरून पुन्हा कळलं.

खपाचा मुद्दा तू पत्रात दोनदा काढलास, म्हणून उरकते. होय, गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं की व्हेलगार्डपर्यंत सुमारे 15 लाख खेळाडू पोचले, अपेक्षेपेक्षा जवळपास 50 टक्के कमी. पण व्हेलगार्ड यायच्या आदल्या वर्षी, 2023 मध्ये, ‘बाल्डर्स गेट 3’ आला. त्यात शरीर, आवाज आणि सर्वनाम तिन्ही स्वतंत्रपणे निवडता येतात, नॉक्टर्न नावाची ट्रान्स स्त्री आहे, तिला आवाज ॲबिगेल थॉर्न या ट्रान्स अभिनेत्रीचा आहे, आणि तो गेम त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला, तुफान खपला. त्याच वर्षीच्या, हॅरी पॉटरच्या जगातल्या ‘हॉगवर्ट्स लेगसी’त खानावळ चालवणारी सिरोना रायन ही ट्रान्स स्त्री आहे. गुंडांसमोर उभं राहून त्यांना बाहेरचा रस्ता दाखवते आणि स्वतःबद्दल जाता जाता दोन वाक्यं बोलते. मूळ कादंबऱ्यांच्या लेखिकेच्या ट्रान्स माणसांबद्दलच्या मतांमुळे त्या गेमवर बहिष्काराची हाक होती आणि सिरोना ढाल म्हणून ठेवली असा संशयही होता. तो संशय मला चुकीचा म्हणवत नाही, पण खानावळीतला तो प्रसंग मला आवडतो. तोही गेम प्रचंड खपला. तेव्हा ट्रान्स पात्रामुळे गेम बुडतो हे गणित मांडू नकोस, ते जुळत नाही.

आणि ‘आपल्या महाभारतातही शिखंडी आहे’ हे उत्तर ग्रुपवर कुणीतरी दिलं म्हणतोस. खरं आहे. पण आपल्या रोजच्या मराठीत ‘शिखंडी’ ही शिवी आहे, आणि ‘शिखंडीला पुढे करून’ हा वाक्प्रचार आपण राजकारणावर बोलताना सहज वापरतो. पात्र कथेत असणं पुरत नाही. त्याच्याशी कसं वागलं जातं, हे बघावं लागतं.

आता हीलर. इथे मला माझीच एक चूक सांगावी लागणार आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या स्टुडिओत एक ट्रान्स मुलगी आवाज द्यायला यायची. गोड, भरदार आवाज, खलनायिका तिच्याकडेच जायच्या. एका दुपारी, सहा-सात जण चहा घेत उभे असताना, मी तिच्याकडे बोट करून म्हणाले, ‘तो सीन आधी याचा करून घेऊ.’ शब्द सुटला आणि मला तो ऐकू आला. मग मी माफी मागायला लागले. मी अशी नाही गं, माझ्या मनात तसं काही नव्हतं, मला किती वाईट वाटतंय. डोळ्यांत पाणी आलं. सगळे बघायला लागले. तिच्या हातातला चहा तसाच राहिला, कारण तिला माझ्या पाठीवरून हात फिरवावा लागत होता. शेवटी ती हळूच म्हणाली, ‘ताई, “हिचा” म्हणा आणि सीन लावा. पुढे अकराच ओळी आहेत.’

टँक, व्हेलगार्डमधल्या त्या क्लिपमध्ये इझाबेला नेमकं हेच करते आणि हेच सांगते. चुकलात तर लांबलचक रडगाणं गाऊ नका, त्यानं समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते. झटकन सुधारा, थोडी शिक्षा स्वतःला करून घ्या, पुढे चला. तिच्या गटात चूक झाली की जोर काढायची रीत आहे, म्हणून ती जोर काढते. प्रसंग लिहिलाय शिकवणीसारखा, पात्रं एकमेकांशी बोलायच्या ऐवजी आपल्याशी बोलतात, त्यामुळे तुला एचआर आठवलं यात तुझा दोष नाही. पण त्यात जे सांगितलंय ते मला त्या दुपारी कुणी आधी सांगितलं असतं, तर त्या मुलीचा चहा गार झाला नसता. तू ज्या क्लिपवर हसलास, तीच क्लिप तुला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते आहे.

तेव्हा हीलरला फोन कर, मेसेज नको. तू पत्रात माफीचा जो मसुदा पाठवलास तो फाड. त्यात चारदा ‘मी तसा नाही’ आहे आणि एकदा ‘तुला काही सांगायचं असेल तर मी आहे’ आहे. पहिलं त्याच्यावर ओझं टाकतं, दुसरं डोकावणं आहे. इतकंच म्हण: ‘त्या दिवशी मी “असल्यांना” लिहिलं, ते वाईट होतं. ग्रुपवरही मी तसं लिहिलंय.’ म्हणजे ग्रुपवर आधी लिही, मग फोन कर. ग्रुपवर तो नसला तरी लिही, बाकीचे तिघं हसले होते, त्यांनाही वाचू दे. त्यात हीलरचं नाव घेऊ नकोस. तुमच्यातला जो त्याच्याबद्दल ‘तसा असणार’ म्हणत फिरतोय, त्याला वेगळा फोन करून गप्प कर. हे काम तुलाच करावं लागेल, पुढे उभं राहून मार झेलणं तुझंच आहे ना?

तो ‘बरं’ म्हणून फोन ठेवेल. बहुधा लगेच येणारही नाही. त्याला विचारत बसू नकोस की राग गेला का. त्याला गेमबद्दल सांग. क्रेमची गोष्ट सांग, त्या टेकडीवर तू काय निवडलंस ते सांग, पण आधी इन्क्विझिशन खेळ, खोटं सांगू नकोस. टाशला शेवटी दोन खणांत कोंबणं तुला कसं वाटलं ते सांग. त्याचं मत वेगळं असेल. क्रेम त्याला अजिबात आवडत नसेल आणि टाश जीव की प्राण असेल, असंही होईल. मग भांडा, हवं तेवढं भांडा.

आणि शनिवारी चौघंच जमलात तरी हीलरची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. गेममधली औषधं घेऊन खेळा, हराल थोडे दिवस.

तुझी,
ताई